प्रवासात नेण्याचा घडीचा हँगर कसा आखावा: कोकण किनाऱ्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारणारे तीन प्रकारचे लोक आहेत. डिझाइन किंवा इंजिनिअरिंग शिकणारी मुलं, काहीतरी नवं बनवून विकू पाहणारे बचत गट आणि छोटे कारखानदार, आणि आपल्या घरातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणारे होमस्टेवाले. प्रत्येकाचा प्रश्न वेगळ्या टोकाने सुरू होतो आणि सगळे शेवटी एकाच जागी येतात: हँगर मिटल्यावर किती लहान होतो यापेक्षा तो उघडल्यावर ओला कपडा वाळवतो का, याला किनाऱ्यावर जास्त किंमत आहे. खालची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

मुक्कामाच्या खोलीत हँगर असतातच. मग बॅगेत आपला कशाला न्यायचा?

कपाट असलेल्या हॉटेलात असतात. तारकर्ली, देवबाग, गुहागर, हर्णै, दिवेआगर इथल्या घरगुती मुक्कामाच्या खोलीत बहुतेक वेळा एक खुंट्यांची पट्टी, एक पलंग आणि खिडकी असते. तिथे चार माणसं उतरतात, समुद्रात डुंबून येतात आणि एका तासात खोलीभर ओले कपडे होतात. खुंटीवर लटकवलेला ओला टी-शर्ट एका बिंदूवर गोळा होतो. त्याच्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कुबट वास येतो.

गणपतीत तर घरच्या माणसांचीच ही अडचण असते. मुंबईहून सगळे चाकरमानी एकदम येतात, भाद्रपदातला पाऊस खळ्यात दोरी बांधू देत नाही आणि पडवीतल्या एका वलणीवर अख्ख्या खटल्याचे कपडे पडतात. प्रत्येकाने स्वतःचे दोन हँगर आणले तर त्याच वलणीवर दुपटीने कपडे मावतात, कारण दोरीवर आडवा टाकलेला शर्ट हातभर जागा खातो आणि हँगरवरचा शर्ट दोरीला काटकोनात वळवला की चार बोटं.

मिटल्यावर किती लहान व्हायला हवा?

मोठ्या माणसाच्या शर्टाला साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर रुंदीचा हँगर लागतो. विमानात हातात नेण्याची बॅग बहुधा ५५ सेंटिमीटर उंच आणि ३५ ते ४० सेंटिमीटर रुंद असते. मिटलेला हँगर त्या बॅगेत आडवा सहज जावा, शिवाय पाठीवरच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यातही बसावा, यासाठी २२ सेंटिमीटर लांबी धरा. त्याहून लहान करायचा तर हँगरच्या प्रत्येक हाताचे, म्हणजे खांद्याला आधार देणाऱ्या दांडीचे, दोन-दोन तुकडे करावे लागतात. दर सांधा वाढला की तो सैल होण्याची, त्यात वाळू जाण्याची आणि तिथे तुटण्याची एक जागा वाढते. पाच सेंटिमीटर वाचवण्यासाठी हा सौदा मी करणार नाही.

जाडी मात्र जरूर कमी करा. बॅगेत लांबी नडत नाही, जाडी नडते. दोन सेंटिमीटरच्या आत बसला तर तो कपड्यांच्या थरांमध्ये सपाट सरकतो.

हात खाली मिटणारे बरे की वर मिटणारे?

सगळ्या आराखड्यात विचार करायला लावणारा प्रश्न हाच आहे आणि बहुतेक जण तो स्वतःला विचारतच नाहीत, कारण बाजारात दिसणाऱ्या बऱ्याच घडीच्या हँगरांचे हात छत्रीसारखे खाली मिटतात आणि तेच डोळ्यासमोर असतं.

खाली मिटणाऱ्या हातांचा एक खरा फायदा आहे. कळ दाबली की हात खाली पडतात आणि कपडा गळ्यातून अलगद निघतो. पण कपड्याचं वजनही हातांना त्याच दिशेने, म्हणजे मिटण्याकडेच ओढत असतं. त्यामुळे हात उघडे राहायला एक कुलूप लागतं: प्लॅस्टिकची जीभ, स्प्रिंगची कळ, काहीतरी. सगळा भार त्या चिमुकल्या कुलपावर येतो. ओली जीन्स टाकली की तेच आधी दगा देतं.

हात वर, हुकाच्या दोन्ही बाजूंनी मिटतील असे केले तर चित्र उलटं होतं. उघडताना हात खाली येतात, ठरलेल्या उतारावर अडणीला, म्हणजे मधल्या तुकड्यावरच्या टेकूला, टेकतात आणि कपड्याचं वजन त्यांना त्या अडणीवर आणखी घट्ट दाबतं. कुलूप लागत नाही. जितका भार जास्त तितका हँगर पक्का उभा. अरुंद गळ्याच्या टी-शर्टातही तो घालता येतो: हात वर मिटलेले असताना मधला भाग गळ्यातून आत सोडायचा, आतमध्ये हात पसरू द्यायचे आणि हूक धरून वर ओढायचं. गळा ताणला जात नाही.

मी वर मिटणाऱ्याच्या बाजूने आहे. जो भाग नाहीच, तो तुटत नाही.

हातांचा उतार आडव्यापासून १५ ते २० अंश खाली ठेवा. त्याहून कमी असेल तर शर्टाच्या खांद्यांना टोकं येतात, जास्त असेल तर रुंद गळ्याचे कुडते घसरून पडतात.

दुर्बिणीसारखे सरकून लांब होणारे हात कसे वाटतात?

खोलीतल्या कपाटासाठी ठीक, किनाऱ्यासाठी नको. एका नळीत दुसरी नळी सरकायला मध्ये बारीक फट लागते आणि त्या फटीत वाळूचा एक कण अडकला की नळी ना आत जाते ना बाहेर येते. पुळणीवरून आलेल्या कपड्यात वाळू असणारच. बिजागरी उघडी असते, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं की ती स्वच्छ होते.

फुगवायचे हँगर?

कपडा वाळवायला ते उत्तम, कारण ते शर्टाची पुढची आणि मागची बाजू एकमेकींपासून दूर ठेवतात. वजनही नगण्य. पण शिवणीशी एक छिद्र पडलं की संपलं, आणि ओल्या जीन्सच्या वजनाने ते मध्ये वाकतात. त्यांच्यातली मधल्या पोकळीची कल्पना मात्र घेण्यासारखी आहे.

ती पोकळी घडीच्या हँगरमध्ये कशी आणायची? जाड हात केले तर बॅगेत जागा जाते.

हात भरीव करू नका. तारेचा लांबट फास करा. ४ मिलिमीटर जाडीची स्टीलची तार केसांच्या आकड्यासारखी वाकवायची: लांबी २० सेंटिमीटरच्या आसपास, दोन तारांमधलं अंतर साडेचार सेंटिमीटर, टोक गोलाकार. असे दोन फास मधल्या तुकड्याला बिजागरीने जोडायचे. उघडल्यावर प्रत्येक फास खांद्याखाली आडवा पसरतो. त्याची एक तार शर्टाच्या पुढच्या बाजूला, दुसरी मागच्या बाजूला. मध्ये दोन-तीन बोटं हवा. खांद्याला रुंद आधार मिळतो, म्हणून बारीक तारेच्या हँगरने टी-शर्टाला जे कान येतात तेही येत नाहीत.

वर मिटले की दोन्ही फास समोरासमोर सपाट उभे राहतात आणि हूक पाव फेरा वळवला तर तो त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसतो. तीन तारांची जाडी मिळून १२ मिलिमीटर. मधला तुकडा धरून सगळं दोन सेंटिमीटरच्या आत येतं. वजन सव्वाशे ते दीडशे ग्रॅम भरेल. फक्त कोरडे शर्ट टांगायचे असतील तर ३ मिलिमीटरची तार पुरते आणि वजन बरंच उतरतं. पण ती जीन्ससाठी वापरू नका.

बिजागरीवर खरंच एवढा भार येतो का? शर्टाचं वजन ते किती!

हिशेब करून पाहा. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात त्याच्या स्वतःच्या वजनाइतकं पाणी सहज राहतं. सातशे ग्रॅमची जीन्स ओली झाली की दीड किलोच्या जवळ जाते. दोन हातांवर ती सारखी विभागली तर एका हातावर पाऊण किलो. हा भार बिजागरीच्या खिळीपासून सरासरी १० सेंटिमीटर दूर आहे. अडणी मात्र खिळीपासून १ सेंटिमीटरवर आहे, कारण मधला तुकडा आपण लहान ठेवला. दहापट तरफ झाली. म्हणजे अडणीवर साडेसात किलोचा दाब. कपडा खसकन ओढला की तो आणखी वाढतो. म्हणून अडणी आणि खीळ १५ ते २० किलोचा दाब सोसतील अशा धरूनच आखा.

यातून लगेच कळतं की अडणी खिळीपासून दीड सेंटिमीटरवर नेली तर दाब पाच किलोवर येतो. मधला तुकडा दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटिमीटर मोठा करणं हा सगळ्यांत स्वस्त मजबुतीचा उपाय आहे. आधी तो करा, मग जाड पत्र्याचा विचार करा.

हूक कसा असावा?

हँगर कशाला अडकवायचा याचा विचार न करता पुष्कळ आराखडे होतात. कपाटातला दांडा २५ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो आणि हूक त्याच मापाचा ठेवला जातो. आता कोकणातल्या खोलीत नजर फिरवा. दाराची फळी ३० ते ३५ मिलिमीटर जाड. नायलॉनची दोरी ५ मिलिमीटर. भिंतीत लाकडी खुंटी. आणि खिडकीला उभे गज.

दारासाठी हुकाचं तोंड ३८ मिलिमीटर तरी उघडं हवं. दोरीसाठी नेमकं उलटं हवं: एवढ्या मोठ्या हुकात दोरी खेळते, वारा सुटला की हँगर उडी मारून खाली, आणि दोरीला झोल असेल तर सगळे हँगर घसरत मधोमध गोळा होतात. खुंटीला हूक अडकतो, पण कपडा भिंतीला घासतो आणि चुन्याचे पांढरे डाग पडतात. उभ्या गजावर तर कुठलाच हूक थांबत नाही, सरळ खाली घसरतो. खिडकीतूनच तर वारा येतो, म्हणजे कपडा वाळायला सगळ्यांत चांगली जागा तीच!

माझा उपाय असा: हूक ३८ मिलिमीटरचाच ठेवा आणि त्याच्या मानेला हातभर लांब, बोटभर रुंद नायलॉनची पट्टी कायमची शिवून टाका. पट्टीच्या टोकाला फास. दोरीवर टांगताना पट्टीचा एक वेढा दोरीला मारून टोक हुकात अडकवलं की हँगर उडतही नाही, सरकतही नाही. गजावर पट्टीचे दोन-तीन वेढे घट्ट मारून टोकाचा फास हुकात अडकवला तर ती वजनाने आवळत जाते आणि घसरत नाही. गज गुळगुळीत रंगवलेला असेल तर एक वेढा जास्त घ्या. वाशाला, झाडाच्या फांदीला, होडीच्या काठाला, कशालाही ती बांधता येते. दहा ग्रॅमच्या पट्टीने हँगरला टांगायच्या जागा दुप्पट होतात.

हुकाचं टोक गोल करा किंवा त्यावर टोपी बसवा. बॅगेत इतर कपड्यांना तेच टोक फाडतं.

कोणता धातू वापरायचा? इथे सगळंच गंजतं.

गंजतं त्यामागचं कारण समजून घेतलं की निवड सोपी होते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात आणि ते प्रत्येक पृष्ठभागावर बसतात. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. किनाऱ्यावर रात्री आणि पावसाळ्यात जवळजवळ सतत आर्द्रता त्याच्या वर असते. म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या तारेवरही खारट पाण्याचा पातळ थर असतोच.

साधी लोखंडी तार, वर कितीही रंग असला तरी, वाकवलेल्या जागी रंगाला तडा जातो आणि तिथून तांबेरा सुरू होतो. तो पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर उतरला की धुऊन जात नाही. बाजारात 'स्टील' म्हणून मिळणारं २०२ प्रतीचं स्वस्त स्टेनलेसही समुद्राजवळ डागाळतं. ३०४ प्रत घ्या: तिच्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू जास्तीचा असतो, त्यामुळे ती मिठापुढे आणखी चांगली टिकते, पण महाग पडते. संपूर्ण हँगर ३१६ चा करायची गरज नाही. खीळ आणि वॉशर ३१६ ची, तार ३०४ ची, हे पुरेसं आहे. कारण खरी झीज सांध्यातल्या अरुंद फटीत होते, जिथे खारट पाणी साचून राहतं आणि हवा पोचत नाही.

ॲल्युमिनियम हलकं असतं, मलाही आवडतं. पण ॲल्युमिनियमच्या हातात पितळेची खीळ घालू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जाणार. सांध्यात प्लॅस्टिकची बुशी, म्हणजे खिळीभोवतीची छोटी नळी, बसवली तर हा त्रास टळतो.

मधल्या तुकड्याला तळाशी एक भोक ठेवा, पाणी निथळून जाईल. आणि वापरणाऱ्याला एवढंच सांगा की घरी गेल्यावर हँगर गोड्या पाण्याखाली उघड-मीट करून धुवायचा.

लाकडाचा केला तर? फणस, साग इथलीच लाकडं आहेत.

फणसाचं लाकूड देखणं आणि टिकाऊ आहे, पण त्याच्या गाभ्यात पिवळा रंग असतो. कापड रंगवण्यासाठी तो पूर्वापार वापरला गेला आहे. ओला पांढरा शर्ट त्यावर रात्रभर टांगला तर खांद्यावर पिवळे पट्टे उमटतील. सागाचंही तेल उतरतं. शिवाय टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात लोखंडी खिळा मारला आणि पाणी लागलं की काळा डाग पडतो. लाकूड वापरायचंच तर त्यावर पाणी न शिरणारा लेप हवा, तोही कडांना आणि भोकांच्या आतून. नेमका तिथेच तो द्यायचा राहतो.

काजूच्या टरफलाचं तेल होड्यांच्या लाकडाला लावतात, तेच इथे लावू का, असंही विचारतात. होडीला ते शोभतं. पण ते कच्चं असेल तर कातडीला फोड आणतं आणि रंग गडद तपकिरी असतो. कपड्याला टेकणाऱ्या वस्तूला ते नको.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची कारागिरी मात्र इथे उपयोगी पडू शकते. लेथवर गोल काढलेले छोटे भाग, लाखेचे रंग, गुळगुळीत हात हे तिथल्या कारागिरांना नव्याने शिकवावं लागत नाही. लहान मुलांसाठी, कोरडे कपडे टांगायचे, ३० सेंटिमीटरचे हँगर तिथे सुंदर होतील. ओल्यासाठी तारच.

आणि बांबू?

बांबूबद्दल मला आशा आहे. सिंधुदुर्गात परसात आणि बांधावर लावतात तो माणगा जवळजवळ भरीव असतो, सरळ वाढतो आणि हाताला गुळगुळीत लागतो. कुडाळला बांबूवर काम करणारी कोनबॅक ही संस्थाही आहे. तंतू उभे असल्यामुळे बांबूची काठी वाकवताना चिवट असते.

अडचण भोकाशी येते. बांबू उभा चिरतो. टोकाजवळ खिळीसाठी भोक पाडलं आणि भार आला की तंतू दोन बाजूंना फाटतात. म्हणून भोक पेराच्या गाठीतच घ्या, किंवा भोक न पाडता टोकावर स्टीलची टोपी बसवून बिजागरी तिला जोडा. नायलॉनच्या धाग्याचे घट्ट वेढे मारून वर इपॉक्सी लावणं हाही जुना आणि पक्का मार्ग आहे. बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवल्याशिवाय घेऊ नका, नाहीतर भुंगेरे त्याचं पीठ करतात. मुरवल्यावरही त्यावर पाणी अडवणारा लेप लागतोच, कारण हे क्षार पाण्यात विरघळतात आणि रोजच्या ओल्या कपड्याने हळूहळू धुऊन जातात. पावसाळ्यात बुरशी येते ती वेगळीच. सांधे स्टीलचे आणि हात बांबूचे, असं मिश्रण कुणी नीट करून दाखवलं तर ती या किनाऱ्याची स्वतःची वस्तू होईल.

थ्री-डी प्रिंटरवर करता येईल का?

नमुना करायला जरूर. पण पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे तेवढं तापमान होतं. पीईटीजी बरं, ते ८० अंशांपर्यंत तग धरतं. हात छापताना पट्टी आडवी ठेवा, थर लांबीच्या दिशेने जातील असे. उभी छापली तर वाकताना थर एकमेकांपासून सुटतात.

विकायच्या मालासाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा ॲसिटल ही प्लॅस्टिकं पाहा. नायलॉन मजबूत आहे खरं, पण ते पाणी शोषतं आणि दमट हवेत त्याचा ताठपणा बराच उतरतो. सांध्याच्या छोट्या तुकड्याला चालेल, २० सेंटिमीटर लांब हाताला नाही. प्लॅस्टिक कुठलंही असो, सततच्या भाराखाली ते हळूहळू झुकतं. संध्याकाळी सरळ असलेला हात सकाळी वाकलेला दिसतो तो याच कारणाने.

साडी, लुंगी, टॉवेल कसे टांगायचे?

खांद्याच्या हातांवर साडी नीट बसत नाही. साडेपाच मीटरचं कापड घड्या घालून टाकलं की मधले थर ओलेच राहतात. दोन फासांच्या टोकांमध्ये अडकवता येईल अशी एक दोरी द्या. खालचा आडवा दांडा म्हणून ती पँटला, पंचाला, लुंगीला पुरते आणि मिटताना जागा घेत नाही. साडीसाठी दोन हँगर हातभर अंतरावर टांगून ती दोन्हींवर नागमोडी सोडा.

मुलींना आणि बायकांना आतले कपडे उघड्यावर वाळत घालायला संकोच वाटतो. त्याचा विचार आराखड्यात करता येईल का?

करायलाच हवा, आणि हा प्रश्न विचारला जातो तितक्या वेळा त्याचं उत्तर आराखड्यात दिसत नाही. सगळ्या पाहुण्यांची दोरी एकच असते, पडवीत परकी माणसं असतात. मग हे कपडे ओढणीखाली किंवा टॉवेलखाली दडवून वाळत घातले जातात, ते नीट वाळत नाहीत आणि दमट कपडे घालून दिवस काढावा लागतो. त्यातून खाज येते, बुरशीचा संसर्ग होतो. प्रवासात बायकांना हा त्रास फार होतो आणि त्या बोलत नाहीत.

फासाच्या हँगरमध्ये तारांना खालून चार छोटे चिमटे लावता येतात. वरून सैल, पातळ कुडता टांगला की चिमट्यांवरचे कपडे आत, नजरेआड राहतात. मधली पोकळी असल्यामुळे आत वारा खेळतो. अट एकच: वरचा कपडा कोरडा हवा. तो ओला असेल तर आतल्या हवेतच दमटपणा भरतो आणि दोन्ही वाळत नाहीत. कुडत्याऐवजी मच्छरदाणीच्या कापडाचं हलकं, गडद रंगाचं आवरण सोबत दिलं तर आणखी चांगलं. ते मुठीत मावतं. चिमटे प्लॅस्टिकचे एकसंध घ्या, आतली स्प्रिंग लोखंडी असेल तर ती आधी गंजते.

हँगर चांगला असला की पावसाळ्यात कपडे वाळतील?

हँगर हवा कोरडी करू शकत नाही. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत हवा आधीच पाण्याने भरलेली असते. कपड्यातलं पाणी बाहेर पडायला मग एकच मदत उरते: हलती हवा. पंख्याखाली, दोन्ही बाजू सुट्या ठेवून टांगलेला शर्ट सकाळपर्यंत वाळू शकतो, खुंटीवरचा नाही. हँगरचं काम तेवढंच आणि ते मोठं आहे.

कापडही पाहा. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पावसाळी सहलीला पॉलिएस्टर मिश्रणाचे कपडे न्या.

पिळण्याची एक युक्ती: ओला शर्ट कोरड्या टॉवेलवर पसरा, दोन्हींची मिळून गुंडाळी करा आणि गुडघ्याने दाबा. बरंच पाणी टॉवेलमध्ये जातं.

उन्हाळ्या-हिवाळ्यात दुपारचे खारे वारे कपडे झपाट्याने वाळवतात, पण समुद्राच्या तोंडावर टांगलेले कपडे सूर्य बुडायच्या आधी आत घ्या. कापडावर बसलेलं मीठ रात्री ओल ओढतं आणि वाळलेला कपडा सकाळी पुन्हा चिकट लागतो.

बनवलेला हँगर किनाऱ्यावर टिकेल हे कसं तपासायचं?

तीन गोष्टी करा. ३ किलो वजन टांगून चोवीस तास ठेवा आणि आधी-नंतर हातांचा उतार मोजा. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ घाला. समुद्राचं पाणी लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास असतं, हे त्याहून खारट झालं. ते रोज सांध्यांवर शिंपडा, धुऊ नका, आणि महिनाभर पाहा. प्रयोगशाळेतल्या मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीतही पाच टक्क्यांचंच द्रावण वापरतात. तिसरी, मूठभर पुळणीची वाळू सांध्यावर ओता आणि उघड-मीट करा. करकर वाजलं तर चालेल, अडकला तर फट वाढवा.

सर्वांत खरी परीक्षा मात्र जुलैतल्या पडवीत होते. चार नमुने चार घरांत द्या, काही सांगू नका आणि महिन्याने परत घ्या. लोक हँगर कसे वापरतात ते वाकलेल्या तारा सांगतात.

पेटंट घ्यावं का?

हँगरवरची पेटंट एकोणिसाव्या शतकापासूनची आहेत आणि घडीच्या हँगरांवर ढिगाने आहेत. आधी शोधून पाहा, इंटरनेटवर ती मोफत वाचता येतात. तुमची यांत्रिक युक्ती खरोखर नवी असेल तर पेटंट वीस वर्षं संरक्षण देतं, पण खर्च आणि वेळ दोन्ही खातं. दिसणं नवं असेल तर डिझाइन्स ॲक्ट, २००० खाली नोंदणी करता येते. ती दहा वर्षं चालते आणि आणखी पाच वर्षं वाढवता येते. त्यात आकाराला संरक्षण मिळतं, बिजागरी कशी चालते याला नाही. अर्ज करण्याआधी फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका, नवेपणाच निघून जातो.

आमचा बचत गट आहे. सुरुवात कुठून करायची?

पुठ्ठ्यापासून. कागदावर नाही, पुठ्ठ्यावर कापून, टाचणीची खीळ करून हात वर-खाली करून पाहा. मग इलेक्ट्रिकच्या फिटिंगचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेऊन एक खऱ्या मापाचा करा, शर्ट टांगा. त्यानंतरच स्टील.

प्लॅस्टिकच्या साच्याच्या नादाला सुरुवातीला लागू नका. साचा लाखांच्या घरात जातो आणि माप एकदा चुकलं की बदलता येत नाही. तार वाकवायला लाकडी फळीवर ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांचा ठोकळा पुरतो. तो गावातला फॅब्रिकेशनवाला करून देतो. मधला तुकडा दीड मिलिमीटरच्या स्टील पत्र्यातून कापून वाकवून घ्या. पट्टी शिवणं, चिमटे लावणं, तपासणं, बांधणं हे गटाचं काम. पहिली खेप ओळखीच्या होमस्टेंना द्या. तिथे पाहुणे तो वापरतील, आवडला तर विकतही घेतील, आणि तक्रारी थेट तुमच्या कानावर येतील.

विमानात हातातल्या बॅगेत चालतो का?

टोकं बोथट असतील तर सहसा अडवत नाहीत. शेवटचा शब्द तपासणीवरच्या अधिकाऱ्याचा असतो.

आम्ही होमस्टे चालवतो. पाहुण्यांकडे असे हँगर असोत-नसोत, आम्ही खोलीत काय करावं?

पंख्याच्या थेट खाली नव्हे, तर त्याच्या पात्यांच्या टोकापासून थोडं बाहेर, भिंतीत दोन स्टीलचे आकडे बसवा आणि त्यांच्यामध्ये ताणलेली नायलॉनची दोरी द्या. हँगर आणि त्यावरचा कुडता जमिनीला न लागता लोंबायला दोरी जमिनीपासून सहा फुटांवर हवी. दोरीला दर सहा इंचांवर एक गाठ मारा म्हणजे हँगर एकमेकांवर सरकणार नाहीत. ती भिंतीपासून निदान फूटभर पुढे असू द्या. कपडे चुन्याला टेकणार नाहीत आणि मागून वारा जाईल. खाली निथळणाऱ्या पाण्यासाठी फरशीला बाथरूमच्या बाजूला थोडा उतार असेल तर उत्तम, नसेल तर एक रुंद परात ठेवा. खिडकीच्या गजांना पाहुणे काहीतरी बांधणारच, तेव्हा गजांवरचा गंज दर पावसाळ्याआधी घासून रंगवून घ्या.